नव्या पूलचं पाणी रोज उतरतंय आणि बिल्डर म्हणतो ‘बाष्पीभवन’: गळती कशी शोधायची

परसात नवा स्विमिंग पूल झाला. पाणी भरलं, फोटो काढले, पोहूनही झालं. मग एक दिवस लक्षात येतं की पाणी टाइलच्या ज्या सांध्याला टेकलेलं असायचं, त्याच्या बरंच खाली गेलंय. नळी लावून भरता. चार दिवसांनी पुन्हा तेच. बिल्डरला फोन केला की उत्तर तयार असतं: “मॅडम, ऊन बघताय ना केवढं? बाष्पीभवन आहे.” फारच मागे लागलात तर एक माणूस येतो, कुठेतरी काहीतरी लिंपतो, आठवडाभर बरं वाटतं आणि पातळी पुन्हा उतरायला लागते.

आमच्याकडे हे सात महिने चाललं. तेवढ्यात चार वेळा “गळती सापडली, काढली” असं सांगण्यात आलं, आणि गंमत म्हणजे चारही वेळा त्यात तथ्य होतं. गळत्या तीन होत्या, एक दुरुस्ती टिकली नाही, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायची तसदी कुणी घेत नव्हतं. त्यामुळे उरलेल्या गळत्या बाष्पीभवनाच्या नावाखाली सुखाने नांदत राहिल्या. खाली लिहिलंय ते म्हणूनच लिंपण्यापेक्षा मोजण्याबद्दल जास्त आहे.

सगळ्यात आधी ऑटोफिल बंद करा

फ्लशच्या टाकीत असतो तसा फ्लोट पूललाही बसवतात. पातळी खाली गेली की नळ आपोआप सुटतो. सोय मोठी आहे, पण गळती झाकून ठेवायला याच्याइतकं चोख साधन दुसरं नाही. आमचा पूल पहिल्या दिवसापासून गळत होता आणि आम्हाला दोन महिने पत्ता नव्हता. कळलं ते एका रात्री. खिडकी उघडी होती, सगळीकडे सामसूम, आणि स्किमरशेजारच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड म्हणजे स्किमर) छोट्या झाकणाखालून बारीक सूऽऽ असा आवाज येत होता. म्हटलं, भरत असेल. दुसऱ्या रात्रीही तोच आवाज. तिसऱ्या रात्री टॉर्च घेऊन झाकण उचललं, तर फ्लोट खाली लोंबकळलेला आणि नळ चालूच. ज्या पूलमध्ये दिवसभर कुणी उतरलं नव्हतं, त्याला मध्यरात्री पाणी कशाला लागतंय?

तेव्हा ऑटोफिलचा व्हॉल्व्ह बंद करा, झाकणावर खडूने तारीख लिहा आणि मगच मोजायला बसा. मोजणीच्या दिवसांत बॅकवॉशही, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुणंही, करायचा नाही. तासाला 15 हजार लिटर ओढणारा पंप तीन मिनिटं बॅकवॉशवर चालला, तर साडेसातशे लिटर पाणी बाहेर जातं. आमच्या पूलमध्ये तेवढ्याने पातळी 23 मिलिमीटर उतरते. आठवड्यातून एकदा बॅकवॉश करायचा आणि मग गळतीच्या नावाने ओरडायचं, हेही घडतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तेच घडलं होतं.

मिलिमीटरचे लिटर करा

“पाणी खूप उतरतं” या वाक्याला बिल्डरकडे दहा उत्तरं असतात. आकड्याला नसतात. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर पृष्ठभागावरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचा पूल 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद. पृष्ठभाग 32 चौरस मीटर, म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली की 32 लिटर गेले. तुमचा आकार वाकडातिकडा असेल तर अंदाजे लांबी-रुंदी धरा, चालतं.

आता बाष्पीभवन. ते खरंच होतं आणि त्यात बिल्डर खोटं बोलत नसतो. उघड्या पूलमधून साधारण 3 ते 7 मिलिमीटर पाणी रोज उडतं. कोरडी हवा आणि वारा असेल तर त्याहूनही जास्त. ऊन हे त्यातलं एकच कारण. पाणी कोमट आणि रात्रीची हवा गार-कोरडी असेल तर रात्रीही भरपूर पाणी उडतं, हीटर असलेल्यांना हा अनुभव चांगलाच असतो. धबधबा, कारंजं चालू ठेवलं की आणखी. म्हणून “रोज इतके मिलिमीटर म्हणजे गळतीच” असा सरसकट आकडा कुणी सांगितला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. तुमच्या अंगणात, त्या दिवशी, त्या वाऱ्यात किती उडालं हे फक्त बादली सांगते.

बादलीची चाचणी

उथळ बाजूच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर एक बादली ठेवायची. हलू नये म्हणून तळाशी दगड. बादलीत पूलचंच पाणी भरायचं, आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकी आणायची. बादली पूलच्या पाण्यात उभी असल्यामुळे दोन्ही पाण्यांचं तापमान जवळपास सारखं राहतं. बादली बाहेर फरशीवर ठेवली तर चाचणीला अर्थ उरत नाही. बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावून बारीक पेनाने खूण करा. बाहेरची खूण टाइलवरही केली तर आणखी बरं, कारण बादली चुकून सरकलीच तर ती कामी येते.

चोवीस तासांनी, त्याच वेळी, शक्यतो सकाळी वारा पडलेला असताना फूटपट्टीने मोजा. पाऊस आला तर दिवस रद्द. मुलं उतरली तर दिवस रद्द. एकदा पंप चोवीस तास चालू ठेवून आणि एकदा पंप चोवीस तास बंद ठेवून, अशा दोन मोजण्या हव्यात. जमल्यास दोन्ही दोनदा. फूटपट्टीच्या वाचनात एक मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच, म्हणून एकाच दिवसाच्या आकड्यावर लढाई सुरू करू नका.

आमचे आकडे असे आले. पंप चालू: बादली 5, पूल 19. पंप बंद: बादली 5, पूल 14.

हे वाचायचं कसं? बादली आणि पूल सारखेच उतरले तर बिल्डर बरोबर, विषय मिटला. पंप चालू असताना जास्त आणि बंद असताना कमी जात असेल, तर दाबाखाली असलेल्या बाजूला कुठेतरी वाट आहे: पंपाच्या पुढचे पाइप, फिल्टर, रिटर्न (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत सोडणारी तोंडं), किंवा बाहेर सोडायची लाइन. पंप बंद असताना जास्त जात असेल तर ओढणाऱ्या बाजूचा संशय घ्या. तिथे पंप चालू असताना पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि रिटर्नमधून बुडबुडे येत राहतात. दोन्ही वेळा फरक सारखाच असेल तर पूलचं भांडं आणि त्यात बसवलेली फिटिंग्ज तपासायची.

आमच्याकडे पंप चालू असताना फरक 14, बंद असताना 9. म्हणजे गळती एक नव्हे, किमान दोन. पंपामुळे जाणारे 5 मिलिमीटर वेगळे, आणि काही झालं तरी जाणारे 9 वेगळे. लिटरमध्ये: दिवसाला 160 आणि 288. ही वजाबाकी पहिल्याच दिवशी कागदावर मांडली असती तर पुढचे पाच महिने वाचले असते. तेव्हा मी फक्त “19 मिलिमीटर!” एवढं पाहून फोन उचलला होता.

ज्यांच्या पूलमध्ये मीठ किंवा क्लोरीन टिकवणारं स्टॅबिलायझर आहे, त्यांना आणखी एक साक्षीदार मिळतो. पाणी उडून जातं तेव्हा हे पदार्थ मागे राहतात. पाणी गळतं तेव्हा ते सोबत जातात. आमच्या पूलमध्ये एकूण पाणी 48 हजार लिटर. रोज 288 लिटर गळून तेवढंच नवं भरलं, तर महिन्यात स्टॅबिलायझर 40 पीपीएम (दहा लाख भागांत 40 भाग) असेल ते 33 च्या आसपास येतं. बॅकवॉश आणि पोहताना बाहेर उडणारं पाणी वजा जाता स्टॅबिलायझर सारखं कमी होत असेल, तर ते उन्हाच्या माथी मारता येत नाही.

पहिली गळती: कुंपणामागची बारीक धार

पंपामुळे जाणारे 160 लिटर सापडायला सर्वात सोपे होते आणि नेमके सर्वात उशिरा पाहिले गेले असते, कारण बिल्डरच्या माणसाने आल्याआल्या फरशी फोडायची भाषा सुरू केली. “रिटर्नचा पाइप गेला असणार, उकरावं लागेल.” थांबा म्हटलं. फिल्टरवरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची (दांडा फिरवून पाण्याचा मार्ग बदलणारा व्हॉल्व्ह) बाहेर सोडायची लाइन कुठे उघडते ते आधी पाहू.

ती आमच्याकडे कुंपणामागे, झुडपांच्या आड उघडते. पंप “फिल्टर”वर चालू असताना तिथून थेंबही येता कामा नये. पाहिलं तर पेन्सिलीच्या शिसाएवढी धार, अगदी शांतपणे मातीत जिरत होती. मग धरला आणि घड्याळ लावलं: दहा मिनिटांत लिटरभरापेक्षा किंचित जास्त. चोवीस तासांचं गणित केलं तर 160 लिटर. आकडा इतका चपखल बसला की मला हसूच आलं.

कारण साधं असतं. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखी एक रबरी गॅस्केट असते. ती एका मार्गाचं पाणी दुसऱ्या मार्गात जाऊ देत नाही. तिच्यात वाळूचा कण अडकला, किंवा ती जागेवरून उचलली गेली, की फिल्टर होत असतानाच थोडं पाणी बाहेरच्या लाइनला लागतं. ती उचलली जाण्याचं नेहमीचं निमित्त म्हणजे पंप चालू असताना दांडा फिरवणं. पूल ताब्यात देताना बॅकवॉश कसा करायचा हे दाखवणाऱ्या मुलाने नेमकं तेच केलं होतं. आम्हाला तेव्हा काय कळणार! पंप बंद, मग दांडा, मग पंप चालू. क्रम एवढाच आहे.

गॅस्केट बदलून झाली, धार थांबली. बिल्डरने कळवलं: काम झालं. आमची नळी पूर्वीपेक्षा कमी वेळ चालवावी लागत होती, म्हणून आम्हीही मान डोलावली. बादली पुन्हा लावली असती तर त्याच दिवशी कळलं असतं की 9 मिलिमीटर जागच्या जागी आहेत.

तुमचा पंप आणि फिल्टर पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असतील तर ही धार पंप बंद असतानाही सुरू राहू शकते, हे लक्षात ठेवा. आमचे वर आहेत, म्हणून पंप थांबला की ती थांबत होती.

दुसरी गळती: स्किमरचा गळा

नव्या काँक्रीटच्या पूलमध्ये मला कुणी एकच जागा तपासायला सांगितली तर मी स्किमरच सांगेन. स्किमर प्लॅस्टिकचा, त्याच्याभोवती काँक्रीट. दोन्ही उन्हात वेगवेगळे फुगतात, रात्री वेगवेगळे आक्रसतात. त्यात स्किमरखालची भराई नीट ठोकलेली नसेल तर तो केसभर खाली बसतो, किंवा बाजूची फरशी त्याला ढकलते. फरशी आणि कोपिंग (पूलच्या काठावरची कड) यांच्यामध्ये लवचिक सांधा ठेवायचा असतो तो याचसाठी. घाईत तिथे सिमेंट भरून टाकलेलं असतं. परिणामी प्लॅस्टिकचं तोंड आणि प्लास्टर यांच्यामध्ये एक फट पडते. वरून पाहिलं तर सावलीसारखी दिसते, इतकी बारीक.

ती पकडायला रंग लागतो. गळती शोधायचा रंग तयार मिळतो. नसेल तर पीएच तपासायच्या किटमधलं फिनॉल रेड चालतं. पंप बंद करून अर्धा तास थांबायचं. पाणी इतकं स्थिर हवं की स्वतःचा हातही हळू हलवावा लागतो. ड्रॉपरचं टोक संशयित फटीपासून दोन बोटांवर धरायचं आणि एकच थेंब सोडायचा. काही नसेल तर थेंब तिथेच धुरासारखा रेंगाळतो. आमच्या स्किमरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तो रेंगाळला नाही. त्याचा एक बारीक लाल दोरा झाला आणि तो दोरा सरळ भिंतीत शिरला. सासरे काठावर वाकून पाहत होते. म्हणाले, “हे बिल्डरला दाखव. त्याला म्हणावं, याला बाष्पीभवन म्हणतात का?” व्हिडिओ काढला. सात महिन्यांत पाठवलेल्या सगळ्या मेसेजपेक्षा त्या वीस सेकंदांनी जास्त काम केलं.

रंग नसला तरी एक वाट आहे: भरणं थांबवा आणि पातळी उतरू द्या. पाणी स्किमरच्या तोंडाखाली गेल्यावर उतरण्याचा वेग एकदम कमी झाला तर गळती तोंडाच्या उंचीवर किंवा स्किमरच्या पाइपात आहे. आम्ही हेही केलं. तोंडाच्या वर रोज 14, तोंडाच्या खाली 8. यात एक पथ्य पाळायचं: स्किमर उघडा पडला की पंप हवा ओढतो आणि कोरडा चालून खराब होतो. म्हणून स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त मेन ड्रेनमधून, म्हणजे पूलच्या तळाच्या तोंडातून, पाणी फिरवा. तशी सोय नसेल तर पंप बंद ठेवा आणि पाणी हिरवं व्हायच्या आत चाचणी उरका.

आता दुरुस्ती. पहिल्यांदा त्यांनी फटीवर सिलिकॉन ओढलं. चार दिवस छान. तीन आठवड्यांनी ते सालीसारखं सुटून गाळणीच्या टोपलीत सापडलं आणि मोजणी 13 वर परत. ओल्या, अस्थिर सांध्यावर वरून काहीही फासलं तर ते सुटणारच. दुसऱ्यांदा पाणी उतरवून सांधा खरवडून मोकळा केला, प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा घासून काढला आणि पाण्याखाली घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी आतपर्यंत दाबून भरली. ती अजून आहे. बिल्डरच्या माणसाने सिलिकॉनची नळी बाहेर काढली की तिथेच विचारा: सांधा मोकळा करणार की वरूनच ओढणार?

तिसरी गळती: दिव्यामागचा पाइप

स्किमर झाल्यावर मी बादली लावली. बादली 5, पूल 8. तीन दिवस ओळीने फरक 3. इथे बिल्डर खरंच वैतागला. “तीन मिलिमीटरसाठी काय करता मॅडम?” तीन मिलिमीटर म्हणजे आमच्याकडे 96 लिटर. रोज शंभर लिटर पाणी काँक्रीटच्या मागे मातीत जातंय आणि ती माती आमच्या फरशीखालची आहे. गळतीत वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा मला हीच भीती जास्त होती: भराई वाहून गेली की आधी फरशी खचते, मग पाइप लोंबकळतो, आणि मग गळतीची खरी मालिका सुरू होते.

पाण्याखालच्या दिव्यामागे एक कोनाडा असतो, आणि त्या कोनाड्यातून वायरीचा पाइप वर जंक्शन बॉक्सपर्यंत जातो. या पाइपात पूलच्या पातळीपर्यंत पाणी चढतंच, त्यात वावगं काही नाही. पण कोनाड्याचा आणि पाइपाचा जोड सैल असेल, किंवा फरशीखाली पाइप कुठे तडकला असेल, तर पूलला ती आयती मोरी मिळते. आमच्याकडे जोड सैल होता.

दिव्याला हात लावण्याआधी मुख्य स्विचपाशी वीज तोडायची, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं. दिवा कोनाड्यातून सुटतो. आत वायरीचं वेटोळं मुद्दाम जास्तीचं ठेवलेलं असतं, त्यामुळे तो पाणी न उपसता काठावर आणता येतो. आमच्या कोनाड्यात वेटोळं नव्हतंच, वायर ताणून बसवली होती, आणि त्या माणसाला निम्मा दिवस पाण्यात उभं राहून काम करावं लागलं. बांधकाम चालू असेल त्यांनी हे आत्ताच विचारून घ्या. वायर पाइपात शिरते त्या तोंडाशी रंगाचा थेंब सोडला. तो आत गेला. तोंडावर वायरीभोवती बसणारं रबरी बूच आणि वर पुटी, एवढ्यावर काम भागलं.

बाकीच्या जागा, थोडक्यात

रिटर्नमधून बुडबुडे येत असतील तर आधी पंपाच्या झाकणाची ओ-रिंग काढून पुसा, वंगण लावा आणि परत बसवा. निम्म्या वेळा तिथेच संपतं. मेन ड्रेनमध्ये जमिनीतल्या पाण्याचा दाब सोडणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असेल, तर त्यात खडा अडकून तो अर्धवट उघडा राहू शकतो, आणि नव्या पूलमध्ये बांधकामाचे खडे असतातच. प्लास्टरवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाळ रेषा बहुधा वरवरच्या असतात; एकाच दिशेने टाइल आणि कोपिंगपर्यंत जाणारा तडा मात्र वेगळा, तिथे स्ट्रक्चरचा इंजिनिअर बोलवा. व्हायनिल लायनरचा पूल असेल तर फिटिंग्जच्या गॅस्केट, पायऱ्यांचे कोपरे आणि शिवण पाहा. फायबरग्लासमध्ये भांडं क्वचित गळतं, फिटिंग्ज गळतात.

जमिनीतल्या पाइपावरच संशय असेल तर प्रेशर टेस्ट करणाराच माणूस बोलवा. दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून पाइपात दाब भरतात आणि गेजचा काटा खाली येतो का ते पाहतात. घरच्या कॉम्प्रेसरने हवा भरून हे करायला जाऊ नका. दाबाखालची हवा प्लॅस्टिकचा पाइप फोडते किंवा बूच गोळीसारखं उडवते.

“पूल रिकामा करू” म्हणाले तर

हे वाक्य आमच्याकडे दोनदा आलं. रिकामा पूल ही एक मोठी पोकळ होडी असते. जमिनीत पाणी वर आलेलं असेल तर ते भांडं खालून उचलू शकतं, तडकवू शकतं. फायबरग्लास आत फुगतं, लायनर आक्रसून परत नीट बसत नाही, नवं प्लास्टर उन्हात वाळून तडे देतं. वर सांगितलेल्या तिन्ही दुरुस्त्या पूल रिकामा न करता झाल्या. रिकामा करायलाच हवा असेल तर बिल्डरने जमिनीतल्या पाण्याची पातळी तपासून, हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह पाहून, जबाबदारी आपली आहे असं लिहून द्यावं. आमच्या बिल्डरला लिहून द्या म्हटल्यावर दोन्ही वेळा रिकामं करण्याची गरज संपली.

बिल्डरशी बोलताना

आमचा बिल्डर वाईट माणूस नाही. त्याने खणणारे, सळई बांधणारे, काँक्रीट मारणारे, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाइलवाले असे सहा वेगळे गट आणले होते आणि गळती नेमकी दोन गटांच्या मधल्या सांध्यात होती. प्लंबर म्हणे स्किमर मी बसवला, भराई माझी नाही. भराईवाला म्हणे मी गेलो तेव्हा तोंड ठीक होतं. फोनवर हे कधीच सुटत नाही. मी फोन बंद केले आणि दर वेळी असा मेसेज पाठवायला लागले:

“स्किमरच्या दुरुस्तीनंतरची मोजणी. ऑटोफिल बंद, बॅकवॉश नाही, पाऊस नाही, पंप बंद, 24 तास. बादली 5 मिमी, पूल 8 मिमी. फरक 3 मिमी, दिवसाला 96 लिटर. आधीच्या दोन दिवसांतही फरक 3 आणि 3. फूटपट्टीचे फोटो जोडले आहेत. स्किमरला रंग लावून पाहिला, आत ओढला जात नाही. पुढे दिव्याचा कोनाडा तपासावा. कोणत्या दिवशी येता ते कळवा.”

यात ना राग ना विनंती. त्यामुळे त्याला उत्तर द्यायला “ऊन” हा शब्द उरत नाही, आणि उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर तारखांसकट सगळं एका जागी असतं. वॉरंटी वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा: भांड्याची वेगळी, प्लंबिंगची वेगळी, मशीनची वेगळी असते, आणि सर्वात मोठा आकडा नेहमी भांड्याचा असतो, जे सहसा गळत नाही.

पैशाच्या बाबतीत आमची चूक झाली ती करारातल्या एका ओळीत. शेवटचा हप्ता “प्लास्टर आणि पाणी भरणे” या टप्प्याला होता. म्हणजे नळी चालू झाली त्याच दिवशी आमच्या हातातला शेवटचा धागाही सुटला. तुमचा करार अजून व्हायचा असेल तर तिथे असं लिहून घ्या: पाणी भरल्यानंतर पंप चालू आणि पंप बंद अशा सलग तीन-तीन मोजण्यांत पूल आणि बादली यांतला फरक 2 मिलिमीटरच्या आत आला की हप्ता. सुरुवातीचे दिवस मात्र सोडून मोजा. नवं प्लास्टर थोडं पाणी पितं, हे बिल्डरचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

बांधकाम चालू असलेल्यांनी आणखी एक करावं. पाइप मातीखाली जाण्याआधी प्रत्येक वळणाचा, जोडाचा फोटो काढा, चौकटीत मोजपट्टी दिसेल असा. पाइपात दाब भरून गेज लावलेलं असेल तर काँक्रीट मारायच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काट्याचा फोटो घ्या. काँक्रीटच्या वेळी पाइपावर कुदळ पडली तर तो काटाच सांगतो, आणि तेव्हा दुरुस्तीला अर्धा तास लागतो. आमच्याकडे असे मोजून दोन फोटो होते, तेही मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंत मागे आलेले.

दिव्याचं काम होऊन आता चार महिने झाले. मागच्या रविवारी पंप चालू ठेवून मोजलं: बादली 4, पूल 5. सोमवारी पंप बंद ठेवून: बादली 4, पूल 4. ऑटोफिल पुन्हा सुरू केलंय, पण त्याच्या पाइपावर एक छोटा मीटर बसवून.